अभिरक्षक म्हणजे नेमके कोण?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शासकीय वस्तुसंग्रहालयांत ‘अभिरक्षक’ या नावाचे एक पद असते आणि इंग्रजीत त्यालाच ‘क्युरेटर’ म्हणतात, असे कळले. माझी मुलगी पुरातत्त्वशास्त्र शिकते आहे व पुढे याच कामात जाण्याची तिची इच्छा आहे. पण घरात ‘अभिरक्षक’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दारावरचा पहारेकरी उभा राहतो, आणि ‘क्युरेटर’ म्हटले की क्रिकेटची खेळपट्टी. मूळ शब्द कुठला, त्याचा अर्थ काय आणि मराठीत कोणता शब्द वापरणे योग्य ठरेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : ‘क्युरेटर’ हा शब्द लॅटिनमधला आहे. ‘कूरा’ म्हणजे काळजी, चिंता, जबाबदारीने घेतलेली निगा. त्यावरून ‘कूरारे’ हे क्रियापद, आणि ती निगा राखण्याचे काम ज्याच्याकडे सोपवलेले आहे तो ‘कूरातोर’. आजार बरा करणे या अर्थाचा इंग्रजी ‘क्युअर’ याच मुळापासून आला. काळजीपूर्वक केलेले, म्हणून अचूक, या अर्थाचा ‘ॲक्युरेट’ही त्याच घरातला, आणि जिज्ञासा दाखवणारा ‘क्युरिऑसिटी’ही. ‘सिक्युअर’चा मूळ अर्थ तर ‘ज्याला काळजी उरलेली नाही असा’ एवढाच होता. या शब्दांमध्ये वस्तुसंग्रहालयाचा वास कुठेही नाही, कारण हा शब्द जन्मला तो कायद्यात आणि नगराच्या कारभारात.

रोमन कायद्याची सर्वांत जुनी संहिता इ. स. पूर्व पाचव्या शतकातील बारा पाट्यांची. बुद्धिभ्रंश झालेल्या माणसाची आणि वडिलोपार्जित मालमत्ता उधळून टाकणाऱ्याची व्यवस्था दुसऱ्याच्या ‘कूरा’खाली द्यावी, ही तरतूद त्या संहितेच्या काळापासूनची. पुढे हे संरक्षण तरुणांनाही मिळाले. वयात न आलेल्या पोरक्या मुलाला पालक नेमला जाई, त्याला ‘तूतोर’ म्हणत. मुलगा वयात आला तरी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला व्यवहारात कोणी नाडू नये म्हणून ‘कूरातोर’ नेमण्याची पद्धत रूढ झाली. तूतोराचा संबंध मुख्यतः मुलाशी होता, कूरातोराचा मुख्यतः त्याच्या मालमत्तेशी. ही मालमत्ता कूरातोराची नसे, तो ती स्वतःसाठी वापरू शकत नसे आणि शेवटी त्याला तिचा हिशेब द्यावा लागे. आजच्या संग्रहालयातील अधिकाऱ्याचे संग्रहाशी असलेले नाते ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने या जुन्या तरतुदीकडे अवश्य पाहावे, कारण ते नाते आजही तसेच आहे.

सम्राट ऑगस्टसच्या काळापासून हीच संज्ञा नगराच्या अधिकाऱ्यांनाही मिळाली. रस्त्यांचे कूरातोर होते, टायबर नदीचे पात्र व काठ सांभाळणारे कूरातोर होते आणि रोमला पाणी पुरवणाऱ्या जलवाहिन्यांचाही कूरातोर होता. या शेवटच्या पदावर इ. स. ९७ मध्ये फ्रोंटिनस या ज्येष्ठ अधिकाऱ्याची नेमणूक झाली. आपल्या ताब्यात काय आले आहे हे आधी स्वतः जाणून घेतले पाहिजे, ही त्याची भूमिका होती. म्हणून त्याने नऊ जलवाहिन्यांची लांबी, उगम, नळांची मापे आणि प्रत्येकीतून येणारे पाणी यांची तपशीलवार नोंद केली, आणि त्या नोंदीच्या आधारेच मधल्या मध्ये चोरून घेतलेल्या जोडण्या उघडकीस आणल्या. आधी मोजायचे, मग लिहायचे आणि लिहिलेले प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे, हीच आजही संग्रहालयातील कामाची पहिली पायरी आहे. त्यामुळे हा पाणीपुरवठ्याचा अधिकारी मला संग्रहालयाच्या अधिकाऱ्याचा सर्वांत जवळचा पूर्वज वाटतो.

युरोपात मध्ययुगात ‘कूरा’ चर्चकडे गेली. गावातील लोकांच्या आत्म्याची काळजी ज्याच्याकडे असे, त्या धर्मगुरूला फ्रेंचमध्ये ‘क्युरे’ म्हणू लागले आणि इंग्रजीत ‘क्युरेट’. सतराव्या शतकात हा शब्द विद्येच्या क्षेत्रात आला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६२ मध्ये रॉबर्ट हूक याला ‘प्रयोगांचा क्युरेटर’ नेमले. सभेपुढे प्रयोग मांडून दाखवणे आणि त्यांची साधने सज्ज ठेवणे हे त्याचे काम होते. त्याच सुमारास संग्रह सांभाळणाऱ्यालाही इंग्रजीत क्युरेटर म्हटले जाऊ लागले, पण इंग्लंडमधील मोठ्या संग्रहालयांनी हा शब्द लगेच उचलला नाही. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडले तेव्हा त्याचा प्रमुख रॉबर्ट प्लॉट याचे पदनाम ‘कीपर’ होते. ब्रिटिश म्युझियममध्येही विभागप्रमुखांना दीर्घकाळ कीपरच म्हणत आले. फ्रेंचांनी आणखी वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे याच अधिकाऱ्याला ‘कॉन्सर्व्हातर’, म्हणजे जतन करणारा, असे म्हणतात. तिन्ही शब्द वेगवेगळ्या मुळांचे आहेत, पण प्रत्येकात सांभाळणे हाच भाव आहे. निवडणे, सजवणे किंवा मांडणे यांवरून यांतले एकही नाव घडलेले नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

आपल्याकडे हा शब्द इंग्रजांबरोबर दोन वाटांनी आला, आणि त्यांतली पहिली वाट कायद्याची आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कंपनी सरकारच्या १८४१ च्या एकोणिसाव्या अधिनियमाने अशी सोय केली की मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर वारसाहक्काचा वाद उभा राहिला आणि मधल्या काळात ती गैरमार्गाने बळकावली जाण्याची भीती असली, तर न्यायाधीशाने निकाल लागेपर्यंत ती सांभाळण्यासाठी क्युरेटर नेमावा. हा अधिनियम ‘क्युरेटर्स ॲक्ट’ या नावानेच ओळखला जाई. तीच तरतूद पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात आली व ती आजही लागू आहे. म्हणजे रोमन कूरातोर भारतीय न्यायालयात अजून जिवंत आहे.

दुसरी वाट संग्रहालयांची. मुंबईत १८५५ मध्ये फोर्टातील टाउन बरॅक्समध्ये सरकारी मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत सैनिकांसाठी ती जागा रिकामी करावी लागली, वस्तूंची घाईघाईने हलवाहलव झाली आणि संग्रहाचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर बेळगावात जन्मलेले व मुंबईत वैद्यक शिकवणारे जॉर्ज बर्डवुड यांनी क्युरेटर म्हणून हा संग्रह पुन्हा उभा करण्याचे काम अंगावर घेतले. नव्या इमारतीसाठी डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आदी नागरिक पुढे आले आणि १८७२ मध्ये भायखळ्याला ती लोकांसाठी खुली झाली. आज आपण तिला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ म्हटले. अजब वस्तू पाहायला मिळतात ते ठिकाण, ही पाहणाऱ्याची नजर त्या नावात आहे. त्या वस्तू सांभाळणारा मात्र त्यात कुठे दिसत नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याच्यासाठी बोलीभाषेत शब्द घडला नाही.

आता ‘अभिरक्षक’ या शब्दाकडे वळू. ‘रक्ष्’ धातूला ‘अभि’ हा उपसर्ग लागला की सर्व बाजूंनी राखणे असा अर्थ होतो. हा शब्द सरकारी कोशकारांनी हवेतून काढलेला नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन आपल्या सैन्याचे वर्णन ‘भीष्माभिरक्षितम्’ असे करतो आणि पुढच्याच श्लोकात सर्व वीरांना सांगतो, ‘भीष्ममेवाभिरक्षन्तु भवन्तः सर्व एव हि’. आपापल्या नेमल्या जागी उभे राहून सर्वांनी मिळून भीष्मांचे रक्षण करावे, असा त्याचा आशय. शिवाय आजच्या विधिभाषेत ताबा व सांभाळ या एकत्रित अर्थाने ‘अभिरक्षा’ हा शब्द रूढ आहे. मुलाची अभिरक्षा आईकडे की वडिलांकडे, हा प्रश्न कौटुंबिक न्यायालयात रोज उभा राहतो. ज्या अर्थाने न्यायालय मुलाची अभिरक्षा सोपवते, नेमक्या त्याच अर्थाने रोमन न्यायाधीश तरुणाची मालमत्ता कूरातोराकडे सोपवत असे. तेव्हा ‘अभिरक्षक’ हा शब्द रुक्ष वाटला तरी अर्थाने अगदी चपखल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहारेकऱ्याशी त्याची गल्लत होते ती केवळ ‘रक्षक’ या शेपटामुळे, कारण सुरक्षारक्षक हा शब्द आपल्या कानांवर सतत पडतो. संग्रहालयात पहारेकरीही असतात आणि दालनात उभे राहून प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारे परिचरही असतात, आणि त्यांच्यावाचून एक दिवसही निभावत नाही. अभिरक्षकाचे काम वेगळे. ते एका साध्या उदाहरणावरून सांगतो.

समजा, कोणी आपल्या आजीचा पितळी अडकित्ता संग्रहालयाला भेट दिला. अभिरक्षक प्रथम देणाऱ्याला विचारतो की तो कोणत्या गावचा, कोणाच्या वापरातला, कुठून विकत घेतलेला किंवा कोणी घडवलेला, आणि तो देण्याचा अधिकार आपल्याला आहे ना. ही माहिती आज लिहून घेतली नाही तर ती कायमची जाते, कारण अडकित्ता शंभर वर्षे टिकेल, पण त्याची हकिगत सांगणारा माणूस टिकणार नाही. मग दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते. धातू, लांबी, वजन, नक्षी, कुठे झिजला आहे, कुठे चीर आहे, पात्याचा खिळा मूळचा आहे की नंतर बदललेला, हे सारे लिहायचे आणि छायाचित्रे काढायची. त्यानंतर त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक वस्तूवर लिहिण्याचीसुद्धा रीत आहे. सहज नजरेस पडणार नाही अशा जागी आधी पारदर्शक, पुन्हा काढून टाकता येईल अशा लाखेचा पातळ थर द्यायचा, तो वाळल्यावर त्यावर बारीक अक्षरांत क्रमांक लिहायचा आणि वरून आणखी एक थर द्यायचा, म्हणजे शाई धातूला लागत नाही आणि पुसलीही जात नाही. पैठणी असती तर क्रमांक सुती फितीवर लिहून ती फीत दोन सैल टाक्यांनी कडेला शिवली असती, आणि जुना कागद असता तर मऊ शिसपेन्सिलीने मागच्या बाजूला लिहिला असता.

घरी आपण पितळ चिंचेने घासून लखलखीत करतो. अभिरक्षक ते कधीही करू देत नाही. आम्लाने आणि घासण्याने दर वेळी धातूचा एक सूक्ष्म थर निघून जातो आणि नक्षीच्या कडा बोथट होतात. वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली छटा हाच तर त्या वस्तूच्या आयुष्याचा पुरावा असतो. पैठणीच्या बाबतीत धोका प्रकाशाचा. रंगवलेले कापड आणि कागद यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे संग्रहालयाच्या वस्त्रदालनात अंधुक का असते, अशी तक्रार प्रेक्षक करतात, तेव्हा तो अंधार कंजुषीचा नसून विचारपूर्वक ठेवलेला आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागते. एवढे झाल्यावर अभिरक्षक त्या अडकित्त्याचा अभ्यास करतो, त्याच घडणीचे दुसरे नमुने शोधतो आणि मग तो दालनात ठेवायचा की भांडारात, कशाशेजारी ठेवायचा आणि त्याच्याविषयीच्या चार ओळींत काय सांगायचे, हे ठरवतो. प्रेक्षकाला दिसते ते हे शेवटचे काम. पण त्याच्यामागे आधीची सगळी कामे नसतील, तर त्या चार ओळींना आधार काय राहणार?

राहिला प्रश्न खेळपट्टीचा. ऑस्ट्रेलियातील इंग्रजीत मैदानाची निगा राखणाऱ्याला क्युरेटर म्हणण्याची जुनी पद्धत आहे. ब्रिटनमध्येही वनस्पती उद्यानांची प्रत्यक्ष देखभाल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे पदनाम मिळत असे. क्रिकेटच्या ओघात तो वापर आपल्याकडे आला आणि वानखेडेच्या सामन्याच्या बातमीत आपण तो वाचू लागलो. त्यात चूक काही नाही. गवत, माती आणि ओलावा यांची रोज निगा राखणारा माणूस ‘कूरा’च्या मूळ अर्थाशी पूर्ण इमानदार आहे.

मला खटकतो तो दुसराच वापर. हल्ली मेजवानीचे पदार्थ, सहलीचे कार्यक्रम, कपड्यांची दुकाने, सगळेच ‘क्युरेटेड’ असते. याचा उगम कलाक्षेत्रात आहे. स्वित्झर्लंडमधील हाराल्ड झेमान यांनी १९६९ मध्ये बर्न येथील प्रदर्शनानंतर संस्थेची नोकरी सोडली आणि कोणत्याही संग्रहाशी बांधलेले नसलेले, स्वतंत्र प्रदर्शनकार म्हणून काम सुरू केले. त्यांच्यासारख्यांमुळे प्रदर्शन रचणे हीच एक निर्मिती आहे, असे मानले जाऊ लागले. आपल्याकडे २०१२ मध्ये कोची-मुझिरिस द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा मुंबईत शिकलेले चित्रकार बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी ते रचले. हे काम मोलाचे आहे, आणि त्यात अभ्यासही आहे. पण पुढे बाजाराने त्यातला फक्त निवडीचा भाग उचलला आणि सांभाळण्याची जबाबदारी मागे टाकली. निवडले त्याचा हिशेब ज्याला द्यावा लागत नाही, त्याला क्युरेटर म्हणणे मला पटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की संग्रहालयातील पदासाठी ‘अभिरक्षक’ हाच शब्द वापरावा. आपल्या राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात तो रुळलेला आहे. हिंदीत ‘संग्रहाध्यक्ष’ म्हणतात, पण त्यात अध्यक्षपदाचा मान आहे, काळजी नाही. ग्रंथपालाच्या धर्तीवर काही जण ‘संग्रहपाल’ लिहितात. ‘पाल’मध्ये पालनाचा, पालकत्वाचा भाव असल्याने तो कानाला अधिक जवळचा वाटतो आणि खासगी संग्रहालयांनी तो वापरला तर मला आनंदच होईल. बोलताना ‘क्युरेटर’ म्हणायलाही हरकत नाही. तात्पुरत्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर मात्र ‘निवड व मांडणी’ असे लिहून पुढे नाव द्यावे. त्यातून काय केले ते वाचणाऱ्याला सरळ कळते.

प्रश्न : मराठेशाहीत असे काम करणारे कोणी होते का? त्यांना काय म्हणत? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सांभाळणारे होते, पण लोकांनी पाहावे व शिकावे यासाठी सांभाळणारे नव्हते, हा फरक आधी लक्षात ठेवावा. राज्यव्यवहारात अठरा कारखाने मानले जात. जवाहीरखाना, जामदारखाना, शिलेखाना, फरासखाना यांसारखी ती खाती होती. जामदारखान्यात वस्त्रे आणि मौल्यवान चीजवस्तू असत आणि त्यांच्यावरचा अधिकारी तो जामदार. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असत, आणि कोठारातील धान्यसामग्रीचा हिशेब कारखानीस पाही. यांतील ‘हवालदार’ हा शब्द आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे. ‘हवाला’ म्हणजे विश्वासाने सोपवणे. ज्याच्या हवाली किल्ला केला तो हवालदार. पोलीस खात्यामुळे आज त्याचा हा अर्थ झाकला गेला आहे. किल्ल्यावरचे अधिकार एकाच्या हाती न ठेवता वाटून दिलेले असत आणि एकाने दुसऱ्याचा व्यवहार डोळ्यांखाली ठेवावा अशी रचना असे. आजच्या संग्रहालयातही नोंदवही एकाकडे, कुलूप दुसऱ्याकडे आणि ठरावीक काळाने तिसऱ्याकडून प्रत्यक्ष पडताळणी, ही पद्धत चांगली मानतात.

संग्रह स्वतः उभा करणारे आणि अभिरक्षक यांच्यातही फरक आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले, पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे-खिडक्या जमवल्या आणि १९७५ मध्ये ते सारे राज्य शासनाच्या हवाली केले. हे संग्राहक. त्यांनी जमवलेले पुढच्या पिढ्यांसाठी राखणारे ते अभिरक्षक.

प्रश्न : ‘कॉन्झर्व्हेटर’ आणि ‘क्युरेटर’ एकच का? आणि स्त्री अधिकाऱ्याला ‘अभिरक्षिका’ म्हणावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एक नव्हेत. फ्रेंचमुळे गोंधळ होतो, कारण तिथे अभिरक्षकालाच कॉन्सर्व्हातर म्हणतात. इंग्रजीत आणि आपल्याकडे कॉन्झर्व्हेटर म्हणजे वस्तूवर प्रत्यक्ष उपचार करणारा, म्हणजे कीड लागलेले लाकूड, पोपडे धरलेले चित्र, गंजलेली तलवार प्रयोगशाळेत नीट करणारा तज्ज्ञ. त्याला रसायनशास्त्र आणि हातातले कसब दोन्ही लागते. मराठीत त्याला ‘जतन-संवर्धन तज्ज्ञ’ म्हणावे. नुसते ‘संरक्षक’ म्हटले तर वनसंरक्षकाची आठवण होते. कोणत्या वस्तूवर उपचार आधी व्हावा आणि किती व्हावा, हे मात्र दोघांनी मिळून ठरवायचे असते.

‘ग्रंथपाल’ किंवा ‘सचिव’ याप्रमाणे ‘अभिरक्षक’ हे पदनाम आहे, म्हणून स्त्री-पुरुष दोघांसाठी तेच ठेवावे. साताऱ्याच्या वाचकांना आणखी एक सांगणे आहे. आपल्या मुलीला संग्रहालयशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण घ्यायचे असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून त्याचा विभाग आहे. त्याबरोबर तिने मोडी लिपी शिकून घ्यावी, कारण महाराष्ट्रातील संग्रहांमध्ये मोडी कागद मोठ्या प्रमाणात येतात आणि ते वाचता येणारा अभिरक्षक प्रत्येक संग्रहालयाला हवा असतो.